बोंड्याच्या तेलातलं उणे चिन्ह

पटणार नाहीच तुम्हाला, आणि नाही पटलं तर मी रागावणारही नाही. पण कोदंडरामनच्या जगप्रसिद्ध सिद्धांतातलं ते उणे चिन्ह एका बोंड्यातून निघालं, आणि तो बोंडा मी खाल्ला होता. असं मी म्हणालो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतल्या त्याच्या घरात, पुढच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो. झोपाळ्यावर अंबुजम, कोदंडमची, म्हणजे कोदंडरामनची, बायको. त्याला जाऊन अकरा महिने झाले होते. कोदंडम माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, म्हणून मी तिला मन्नी म्हणतो, म्हणजे वहिनी. खाली चटईवर तिचा भाऊ संपत, बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेला, समोर तट्टैचा डबा. एकेक कुरकुरीत तट्टै तो पुरावा तपासावा तशी आधी उजेडात धरायचा आणि मग मोडायचा. आणि खुर्चीच्या अगदी टोकाशी, मांडीवर कागद घेऊन, मैथिली. कोदंडमची शेवटची विद्यार्थिनी, आता स्वतःच प्रोफेसर, त्याच्या स्मृतिग्रंथाची संपादक. तिच्या पेनाचं टोपण उघडं होतं. त्या उघड्या टोपणाकडे बघूनच मी बोंड्यावर आलो होतो, हे कबूल करतो.

“मागच्या वर्षी तो लिंबाएवढा होता,” संपत म्हणाला.

“काय?”

“बोंडा. तेराव्याच्या जेवणात सांगितलास तेव्हा लिंबाएवढा होता. आता हातवारे बघतोय तुझे, नारळ झालाय.”

“संपत, तू आयुष्यभर जहाजांची वजनं लिहिलीस. बोंड्याचं तुला काय कळणार?”

मैथिली हसली, पण टोपण तिने लावलं नाही.

खरं म्हणजे सकाळपर्यंत माझ्या मनात बोंडा नव्हता. सकाळी ती माझ्या घरी ग्रंथाची मुद्रितं ठेवून गेली. मी प्रस्तावना वाचली नाही, फोटो बघितले नाहीत. सरळ शेवटची नामसूची उघडली. आमच्या धंद्यातली सगळी माणसं पुस्तक मागूनच उघडतात, विचारा कुणालाही, आणि नाही म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं समजा. कोदंडरामन: दीड रकाना. त्याच्या मांजरीचं नाव म्यूऑन, तीसुद्धा होती: चाळीस, सहासष्ट, एकशे अठरा. आणि मी? चक्रपाणी, आर.: दोनशे बारा. एकच आकडा. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मांजर तीनदा, मी एकदा. दोनशे बारावर एकोणसत्तर सालच्या त्याच्या निबंधाचं शेवटचं पान जसंच्या तसं छापलं होतं, आणि तळाशी ती ओळ, जी मला डोळे मिटूनही दिसते: ‘चिन्हांची तपासणी केल्याबद्दल डॉ. चक्रपाणी यांचे आभार.’ छातीत, उजव्या बाजूला, जिथे हृदय नसतं तिथे, काहीतरी आंबट वर आलं. हे आंबट माझ्या ओळखीचं आहे. चाळीस वर्षं ते माझ्याकडे राहायला आहे. भाडं देत नाही, जातही नाही. मग मैथिलीचा फोन: “सर, सोमवारी छापायला जातंय. दोनशे बारावर एक तळटीप बसेल एवढी जागा आहे. तुम्ही नेमकं काय तपासलंत ते एका वाक्यात सांगाल का? तुम्ही सांगाल ते घालते.” तुम्ही सांगाल ते. एका वाक्याची जागा. शहात्तर वर्षांच्या माणसाला असं काही दाखवू नये.

“तर तेप्पमचा, तराफ्याच्या उत्सवाचा, पहिला दिवस,” मी म्हणालो. “देवळाच्या तळ्यात तराफा सजवलेला, देव, पार्थसारथी, अजून यायचा होता. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. आम्ही दोघं संस्थेच्या कॅन्टीनमध्ये, खिडकीजवळच्या टेबलाशी.”

“अत्तिंबेर आणि कॅन्टीन!” संपतने कानाला हात लावला. मेहुण्याला तो आयुष्यभर अत्तिंबेरच म्हणाला. “अक्काच्या हातच्या दहीभाताशिवाय बाहेरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत ते.”

“पाणीसुद्धा प्यायला नाही तो. डबा घेऊन बसला होता. बोंडा मी खात होतो. मी काय सांगतोय ते ऐकशील का?”

अंबुजमने पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा दिला, झोपाळ्याच्या कड्या वाजल्या. ती बोलत नाही तेव्हा ऐकत असते, आणि ऐकते तेव्हा विसरत नाही. तरुणपणी तिच्यासमोर म्हणूनच जपून असायचो मी. कोदंडमचे सगळे निबंध तिने टंकलिखित केले. यंत्रावर जी चिन्हं नसायची त्यांची जागा कोरी सोडून नंतर काळ्या शाईने, टाकाने, एकेक भरायची. आकृत्याही तिच्याच. माझेही सुरुवातीचे तीन निबंध तिनेच टाइप केले. चौथ्यापासून मी बाहेर द्यायला लागलो. का, ते कुणी विचारलं नाही.

मैथिलीला सांगायची गरज नव्हती, पण संपतसाठी मी सांगितलं, आणि सांगताना मला स्वतःचाच आवाज चांगला वाटायला लागला. पोकळी रिकामी नसते, संपत. तिथे क्षेत्रं पसरलेली असतात, देवळाच्या तळ्यातल्या पाण्यासारखी, आणि आपण ज्याला कण म्हणतो तो त्यातला एक तरंग. तो तरंग स्वस्थ बसत नाही, स्वतःशीच बोलत असतो, म्हाताऱ्यासारखा. आणि ते बोलणं मोजायला गेलं की उत्तर येतं अनंत. प्रत्येक बोलण्याची आम्ही एक आकृती काढतो, रेघा आणि वेटोळी. शेकडो आकृत्या, प्रत्येकीतून अनंत. कोदंडमने काय केलं, तर सिद्धांतांच्या एका अख्ख्या घराण्यात दाखवून दिलं की हे अनंत जोडीजोडीने येतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. एक अधिक, एक उणे. खाली उरतं ते मोजता येतं. जगभरची पोरं आज त्याला कोदंडरामन-निरास म्हणतात, दुसऱ्या वर्षात शिकतात, आणि कोदंडरामन हा एक माणूस होता, दहीभात खायचा, सायकलला घंटी नव्हती म्हणून तोंडाने ‘ट्रिंग’ म्हणायचा, हे त्यांना ठाऊक नसतं.

“आणि ते उणे?” मैथिलीने विचारलं. “बंद वेटोळ्याचं?”

“तेच. ते त्याच्याकडून सुटलं होतं.”

तिचं पेन कागदाला टेकलं. इतकं हलकं, की शाईचा ठिपकाही उमटला नसेल. पण मला ते टेकणं दातांत जाणवलं.

सुटलं होतं, हे खरं. हे एवढं खरं आहे. आमची एक रीत होती. निबंध बाहेर पाठवण्याआधी एकाने दुसऱ्याला फक्त प्रश्न द्यायचा आणि शेवटचं उत्तर, बंद पाकिटात. मधल्या पायऱ्या दाखवायच्या नाहीत. दुसऱ्याने स्वतःच्या वाटेने गणित करायचं, पाकीट फोडायचं, आणि चिठ्ठीवर एकच शब्द लिहून परत द्यायचा: जुळतं, किंवा जुळत नाही. वाटा वेगळ्या असणारच, कारण आम्ही दोन पंथांचे. आमच्या शास्त्रात काही लोक काळाला अधिक धरतात आणि अवकाशाला उणे, काही लोक उलट. दोन्ही चालतं, फक्त मध्येच घर बदलायचं नाही. मी काळ अधिकवाला, तो काळ उणेवाला. कपाळावरच्या वैष्णव गंधाचेही आमचे दोन पंथ, म्हणून तो म्हणायचा, “तुझं गंध बिनपायाचं, माझ्या गंधाला खाली पाय. देवळातल्या हत्तीच्या कपाळावर कुणाचं लावायचं यावर आपले आजोबा कोर्टात गेले. आपण निदान पाकिटांचाच खर्च करतो.” असं हसायचा तो, मान मागे टाकून, घशातली पडजीभ दिसेपर्यंत. मला त्याच्या बुद्धीपेक्षा त्या हसण्याचा जास्त हेवा वाटायचा. बुद्धी काय, माझ्याकडेही होती. पण अर्धवट गणित टेबलावर टाकून संध्याकाळी समुद्रावर नादस्वरम ऐकायला जायचं, आणि जाऊन खरोखर ऐकायचं, हे मला कधी जमलं नाही. मी वाळूत बसून त्याचं गणित मनात पुढे नेत राहायचो. तो सुंडलच्या पुडीतला शेवटचा चणा मला द्यायचा. त्याचाही राग यायचा.

संस्थेत दाराशी लाकडी खण होते, प्रत्येकाच्या नावाचा एक. परदेशातून निबंधाच्या प्रती मागणारी कार्डं तिथे यायची, रंगीत तिकिटांची. माझ्या खणात वर्षाला तीन-चार. त्याच्या खणातून ती बाहेर डोकवायची, जास्त भात घातलेल्या डब्यासारखी. एकदा त्याचं एक कार्ड मी खिशात घातलं. निळ्या पक्ष्याचं तिकीट होतं, कुठल्यातरी थंड देशाचं. कुणा अनोळखी माणसाने मोठ्या आदराने एक प्रत मागितली होती. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे, कपाटात, धोतरांच्या खाली. त्या माणसाला प्रत मिळाली नाही. तो माझ्याइतकाच म्हातारा झाला असेल, आणि मद्रासचे लोक उद्धट असतात असं नातवंडांना सांगत असेल.

“मग बोंडा?” संपतने आठवण करून दिली. “तो थंड होतोय.”

“बोंडा मी कोदंडमच्या कागदावर ठेवला,” मी म्हणालो, आणि इथून पुढे गोष्ट आपणहून चालायला लागली. “नारळाएवढा नव्हे, पण पेरूएवढा नक्की. कागद त्याचा, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, काटकसरी माणूस. पुढच्या बाजूला एका जातीच्या कणाचं वेटोळं, मागच्या बाजूला दुसऱ्या जातीचं. तेल झिरपलं. कागद काचेसारखा झाला. खिडकीतून ऊन आलं, आणि मी बघतो तर काय, मागची आकृती पुढच्या आकृतीवर अशी नेमकी बसलेली! बाण उलटे. देवासमोर दिवा धरल्यासारखं लख्ख. मी म्हटलं, अरे कोदंडम, ही दोघं एकमेकांना खातायत! तू बंद वेटोळ्याचं उणे विसरलास!”

“आणि अत्तिंबेर?”

“हातातला घास तसाच. तेवढ्यात तळ्यावर वाजंत्री सुरू झाली. खिडकीत कावळा येऊन बसला, तोसुद्धा बोंड्याकडे न बघता आकृतीकडे बघत होता.”

मैथिली इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “सर, कावळा वगळते. बाकी घालते. ‘बंद वेटोळ्याचं उणे चिन्ह चक्रपाणी यांनी मार्च एकोणसत्तरमध्ये प्रथम दाखवून दिलं.’ चालेल?” तिने लिहिलंसुद्धा. मी उलट्या बाजूने वाचलं. माझं नाव, मधोमध, कुणाच्या आभारांशिवाय. ‘प्रथम’. हा शब्द मी किती वर्षं तोंडात धरून होतो कुणास ठाऊक. विरघळला आणि त्याला चवच नव्हती असं वाटलं, पण थुंकायचाही नव्हता.

प्रथम मीच, मन्नी. हे मी मनात तिला म्हणालो, तिच्या अंगठ्याकडे बघत. कॅन्टीनमध्ये नाही, बोंड्याविना, माझ्या घरी, मागच्या अंगणात, तुळशीजवळच्या दगडावर बसून. सकाळी अकराला माझं गणित संपलं. अनंत गेले होते. दोन अक्राळविक्राळ राशी, एक अधिक, एक उणे, आणि खाली एवढासा आकडा, आंघोळ घातलेल्या बाळासारखा. मी त्याचं पाकीट फोडलं. त्याच्या उत्तरात अनंत तसाच उभा होता. त्याला वाटत होतं की हा सिद्धांत मेलेला आहे. तेवढंच कळवणारा दोन पानांचा छोटा निबंध तो लिहिणार होता. मला उणे दिसलं, त्याला ते दिसलं नव्हतं. आयुष्यात एकदाच. मी उठलो, विहिरीवरून पाणी काढलं, प्यायलो नाही, पायांवर ओतलं. मग चिठ्ठी घेतली आणि लिहिलं: जुळतं. स्वतःला म्हटलं, चिन्हाचं काय, पंथाचा फरक असेल. तो काळ उणेवाला, मी अधिकवाला. बंद वेटोळ्याच्या उण्याला पंथ नसतो. ते दोन्ही घरांत उणेच. हे दुसऱ्या वर्षातल्या पोराला कळतं. मला त्या दिवशी अकरा ते सव्वाअकरा कळलं नाही, आणि त्या पंधरा मिनिटांत मी चिठ्ठी पाकिटात घातली.

मग सहा महिने. तो समुद्रावर यायचा बंद झाला. हसायचा, पण पडजीभ दिसत नव्हती. कुणीतरी सुचवलेलं धातूंच्या ताणाचं गणित करत बसायचा, अंगावर दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखा. आणि मी दार लावून लिहीत होतो. माझ्याकडे दोन आकृत्या होत्या, एकमेकांना खाणाऱ्या. पण बाकीच्या शेकडो? त्या एकेक करून मोजायला तीन जन्म लागले असते. सगळ्यांना एका दोरीत ओवणारं काहीतरी हवं होतं, ते कुठल्या बाजूला असेल तेही मला सुचत नव्हतं. चिन्ह माझ्याकडे होतं, विचार त्याच्याकडे. जुलैत मी वही बंद केली. कृष्णजयंतीच्या सकाळी तो धावत आला, अंबुजमने तळलेली सीडै गालात, बोलता येईना. “चक्रा! उणे! बंद वेटोळ्याचं उणे! आपण दोघांनी एकच चूक केली रे!” आणि माझ्याच अंगणात, त्याच दगडावर बसून त्याने मला ती दोरी दाखवली. अर्ध्या पानात. मी बघत होतो आणि मला वाटत होतं की माझ्या घरातलं कुणीतरी शेजारच्या घरात जन्माला आलंय. आपण दोघांनी. वेगवेगळ्या वाटांनी चालणाऱ्या दोन माणसांच्या हातून एकच चूक होत नाही, हे त्याला कळत नव्हतं? की कळत होतं? निबंधात त्याने माझे आभार मानले. चिन्हांच्या तपासणीबद्दल. चाळीस वर्षं मी ती ओळ उन्हात धरून बघतोय, संपतच्या तट्टैसारखी. माया असेल तर सहन होत नाही, आणि टोमणा असेल तर त्याच्या स्वभावात बसत नाही. विचारायचं राहिलं. शेवटच्या आजारात त्याने माझा हात धरला होता, तेव्हाही मी त्याच्या नखांकडे बघत बसलो.

“कॉफी निवली,” अंबुजम म्हणाली. त्या दुपारचं तिचं पहिलं वाक्य. ती उठली, आत गेली. मला वाटलं दुसरी आणते आहे. आतून ट्रंकेच्या कडीचा आवाज आला.

“तुझ्या बोंड्याला अक्काने दाद दिली नाही बघ,” संपत म्हणाला.

“सर, सही करता का एक?” मैथिलीने कागद पुढे केला. “तळटिपेखाली. तुमच्या शब्दाचा आधार म्हणून ठेवून देते.”

मी पेन घेतलं. माझी सही चांगली आहे. शेवटचं अक्षर मी पूर्वीपासून खाली ओढतो. अर्धी झाली असताना अंबुजम आली. कॉफी नव्हती. चष्मा लावलेला होता, आणि हातात कापडात बांधलेला जुना गठ्ठा. वरच एक चिठ्ठी, कडा तपकिरी. तिने ती मैथिलीला दिली नाही. माझ्यासमोर, तळटिपेशेजारी, बोटाने सरळ करून ठेवली.

“हे अक्षर तुमचं,” ती म्हणाली. “शेवटचं अक्षर खाली ओढलंय.”

मैथिलीने वाकून वाचलं. “‘जुळतं.’ आणि कोपऱ्यात हे कोदंडरामन सरांचं अक्षर... ‘तेप्पम, दुसरा दिवस, एकोणसत्तर.’”

“ते प्रत्येक कागदावर दिवस लिहायचे. घरातल्या वाण्याच्या यादीवरसुद्धा.” अंबुजम झोपाळ्यावर बसली नाही. “पहिल्या दिवशी तुम्ही म्हणता बोंड्याच्या तेलात उणे दिसलं, ओरडून सांगितलंत. दुसऱ्या दिवशी हे लिहून दिलंत, मीच दारात घेतलं तुमच्या हातातून. त्यानंतर सहा महिने हा माणूस या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत होता.”

“मन्नी, ते पंथाचं असतं, काळ अधिक, काळ...”

“पंथाचं मला सांगू नका. तीस वर्षं ती चिन्हं मी या हाताने शाईने भरली आहेत. कुठलं उलटतं आणि कुठलं उलटत नाही, ते कळतं मला.”

संपतच्या हातातली तट्टै मोडली नाही. बाहेर कुणीतरी सायकलवरून गेलं, घंटी वाजवत.

“दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, चक्रपाणी,” ती म्हणाली, आवाज न चढवता, अगदी कॉफीत साखर किती विचारावी तसं. “एक तरी खोटं आहे. मैथिलीला सोमवारी छापायचंय. तिला सांगा, बोंडा खोटा, की हे?”